पायरी उतरून घरात या

निमंत्रणपत्रिका गुळगुळीत कागदाची, कोपऱ्यात नारळाचं झाड, आणि खाली मजकूर: ‘बेटांवरील रहिवाशांना हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी साहाय्य. एकदिवसीय कार्यशाळा, भोजनासह.’ पत्ता आमचा. भेस्तान. म्हणजे सुरतेत उधना आणि सचिन यांच्या मधलं ते स्टेशन, जे मुंबईहून येणाऱ्यांना झोपेत लागतं. आम्हाला समुद्र पाहायचा तर रविवारी दोन रिक्षा बदलून डुमसला जावं लागतं, आणि तिथेही माणसं समुद्र कमी आणि टोमॅटोची भजी जास्त पाहतात.

तरी मी रागावलो नाही. चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, हे आम्ही शाळेत पाठ केलंय. जून 2025 मध्ये खाड्या फुगल्या तेव्हा व्याख्या घरपोच आली. इथे त्याला खाडीपूर म्हणतात. पाऊस वरून येतो, खाड्या तो मिंढोळा नदीकडे नेऊ पाहतात, तेवढ्यात खंभातच्या आखाताला भरती येते आणि पुढचा दरवाजा बंद होतो. मग पाणी मागे फिरून आमच्याकडे मुक्कामाला. तापीच्या पुराची ऐट वेगळी. ऑगस्ट 2006 मध्ये तिने शहर बुडवलं तेव्हा देशभर बातमी झाली. खाडीपूर गरीब. त्याची बातमी चौथ्या पानावर, तीही बूट हातात धरलेल्या माणसाच्या फोटोपुरती.

‘जुळवून घेणे’ हा शब्द मात्र ओळखीचा निघाला. आमच्याकडे तो लेकीला सासरी पाठवताना वापरतात. तक्रार करायची नाही, जुळवून घ्यायचं. धूर कुणाच्या चुलीचा हे विचारायचं नाही, डोळे पुसायचे. जगभरच्या बेटांना आता हाच उपदेश चालू आहे, फक्त माहेरून साडीऐवजी फोल्डर मिळतं.

फोल्डरमध्ये प्रश्नावली होती. पहिलाच प्रश्न: ‘आपले घर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे?’ मी शेजाऱ्याला विचारलं, त्याने त्याच्या शेजाऱ्याला. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी लिहिलं, ‘रस्त्यापासून सांगू का?’

कारण आमचा समुद्र म्हणजे रस्ता. तोच वाढतो.

वडिलांनी हे घर 1993 साली बांधलं, प्लेगच्या आदल्या वर्षी. अमळनेरकडून आले, संचा खात्यात यंत्रमागापुढे बारा-बारा तास उभे राहिले आणि घराला चार पायऱ्या केल्या. गावी चार पायऱ्यांचं घर एकाचंच होतं आणि त्या पायऱ्यांवर आमच्या आजोबांना बसायची मुभा नव्हती. म्हणून इथे जोतं उंच. तिसऱ्या पायरीवर बसून आई मेथी निवडायची, दुसरीवर मी अभ्यासाचं नाटक करायचो, पहिलीवर भाजीवाला टोपली टेकवायचा, आणि चौथीवर वडील, नुसते. पाहुणा आला की ‘या, वर या’ म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

पहिली पायरी एका रात्रीत गेली. संध्याकाळी खडी आली, सकाळी डांबर होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण नवा रस्ता. दुसरी पुढच्या डांबराला गेली. तिसरी गेली पाइप टाकल्यावर, चौथी कशासाठी गेली ते आता आठवत नाही. त्यानंतर सिमेंटचा थर आला आणि आता रस्त्यावरून घरात यायला एक पायरी उतरावी लागते. चार वर होत्या, एक खाली आहे; सहा इंची पायरी धरली तर अडीच फूट. योगायोग असा की उपग्रहांनी समुद्राची उंची सलग मोजायला सुरुवात केली तीही 1993 पासून. तेव्हापासून जगाचा समुद्र सरासरी दहा सेंटिमीटर चढला. आमची गल्ली पंच्याहत्तर. हिमनद्या वितळवून, ध्रुव तापवून, अख्खं जग कामाला लावून समुद्राला जे जमलं नाही ते इथे रोलर आणि आठ माणसांनी करून दाखवलं.

कार्यशाळेत तज्ज्ञांनी उपाय सांगितला: घराची जमीन उंच करा. टाळ्या. अहो, आम्ही तेच करत आलोय! समोरच्या मावशींनी भराव घालून फरशी दीड फूट वर घेतली. फरशी वर आली, पण छत आपल्या जागी राहिलं, ते काही जुळवून घेईना. मग पंखा डोक्याला लागू लागला, तो काढला. दार खालून कापलं, त्यामुळे चौकट ठेंगणी झाली आणि घरात वाकून जावं लागतं, गाभाऱ्यात जातात तसं. त्यामुळे मावशींकडे येणारा प्रत्येक माणूस, वीजबिलवालासुद्धा, आधी नमस्कार करून येतो. खिडकी गुडघ्याला आली, मांजर आणि चोर दोघांची सोय झाली. विजेची बटणं पोरांच्या हाताला लागली. मुलीला स्थळ आलं, मुलगा सहा फुटी, पगार चांगला, पण चहा संपेपर्यंत तो मान वाकडी करून उभा राहिला. त्याच्या आईला वाटलं, मुलाला मुलगी नापसंत आहे. ते स्थळ गेलं. आता मावशी मध्यस्थाला सांगतात, पाच फूट चारच्या आतला बघा. रस्त्याचे आणखी दोन थर पडू द्या, मग रांगणारा जावई शोधावा लागेल. आणि एवढं करून त्या जूनमध्ये पाणी आलंच. कारण मावशींनी फरशी दीड फूट उचलली तोवर रस्ता त्यापुढे गेला होता.

इथे मला विनोद सुचायचा थांबतो. भाकरी करणारी बाई तव्यावरची पहिली भाकरी काढल्याशिवाय दुसरी टाकत नाही. हे तिला कुठल्या तज्ज्ञाने शिकवलेलं नाही. जुना थर खरवडून काढायचं यंत्र असतं, ते कुठे चंद्रावर मिळत नाही. थर काढा, मग थर टाका! एवढं एक वाक्य. पण थर काढण्यात कष्ट दिसतात आणि टाकण्यात काम दिसतं, म्हणून तीस वर्षं भाकरीवर भाकरी रचली गेली आणि खाली आम्ही करपलो. ज्यांची घरं दोन खोल्यांची, ज्यांच्या घरातला संचा, पीठ, शाळेची दप्तरं सगळं जमिनीवरच असतं, त्यांनाच सांगतात उंचावर ठेवा. उंच काय आहे घरात? माळ्यावर देव आहेत. देवांना सरकायला सांगू?

मालदीवची बरीचशी जमीन समुद्रापासून जेमतेम मीटरभर वर आहे. त्यांचं दुःख मोठं, मी चेष्टा करत नाही. पण त्यांना बुडवणारा निदान समुद्र आहे. त्याला निविदा निघत नाही. तो बुडवून झाल्यावर कोनशिला बसवत नाही.

आमची तर पाण्याशी जुनी ओळख. वडील खानदेशातून निघाले ते विहीर आटली म्हणून. इकडे येऊन पाहतात तो तापीवरच्या उकाई धरणाचं बरंचसं पाणलोट क्षेत्र महाराष्ट्रात. जे पाणी गावात कधी दिसलं नाही ते तापीच्या काठाने पत्ता विचारत मागोमाग आलेलं. वडील म्हणायचे, गावी याला बोलावून बोलावून थकलो, इथे न बोलावता येतो.

जेवण बरं होतं. हॉलला अकरा पायऱ्या होत्या, संगमरवरी, सगळ्या वर जाणाऱ्या; जाताना मोजल्या आणि येताना पुन्हा मोजल्या, एकही कमी झालेली नव्हती. प्रश्नावली परत देताना तिथल्या मुलीने माझं उत्तर वाचलं आणि नम्रपणे म्हणाली, “सर, इथे मीटरमध्ये लिहायचं असतं.” मी खोडून लिहिलं: उणे शून्य पूर्णांक पंधरा.

संध्याकाळी घरी आलो तर गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता. खडी उतरत होती. एका अंगाने खाडी, दुसऱ्या अंगाने खडी. शेजारचे भाऊ लुंगी सावरत दारात, म्हणजे खड्ड्यात, उभे राहून ढिगाकडे पाहत होते. माझ्या हातातलं फोल्डर त्यांनी घेतलं, नारळाच्या झाडावरून बोट फिरवलं आणि अहिराणीत विचारलं, “भाऊ, मन्हं घर बुडनं का रस्ता चढना?”

तेवढ्यात ट्रकवाल्याने ओरडून सांगितलं, गाडी काढा, रात्री काम आहे.