पाय हलले की घड्याळ बंद

तिरुनीलक्कुडीच्या नीलकंठेश्वरावर तिळाचं तेल कितीही ओता, ते लिंगात जिरून जातं, अशी त्या देवळाची ख्याती आहे. हलाहल पचवलेल्या देवाचा दाह शमावा म्हणून हे तेल. लांबून आलेले भाविक थक्क होतात. कुंभकोणमच्या रस्त्याला मोटारसायकल लावून क्षणभर हात जोडणारा फिरतीचा सेल्समन मात्र थक्क होत नाही. त्याचे महिन्याचे जादा तास असेच जिरतात. फक्त त्यामागे कुणाचा दाह शमतो ते त्याला अजून कळलेलं नाही.

तमिळनाडूचा दुकानं आणि आस्थापनांचा 1947 चा कायदा तसा मायाळू. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, वरच्या तासांना दुप्पट मजुरी. मग येतं कलम 4. ज्याच्या कामात प्रवास आहे त्याला हा कायदाच लागू नाही. दारोदार ऑर्डरी मागणाऱ्या कॅनव्हासरलाही नाही. बसलात तर कामगार, निघालात तर प्रवासी.

आता प्रवास नेमका कुठून सुरू होतो? शेजारच्या तिरुभुवनमच्या रेशमी साड्या विकणाऱ्या एखाद्या तीनमजली दुकानातला पोऱ्या घ्या. गिऱ्हाइकाला मोरपंखी हवी म्हणून वर, काठ आवडले नाहीत म्हणून खाली, सासूबाईंना दाखवायची म्हणून पुन्हा वर. दिवसाकाठी तो एखादा डोंगर चढून उतरतो, पण जिना छपराखाली असल्यामुळे तो प्रवास नव्हे. त्याचे तास कागदावर तरी शाबूत. 2021 मध्ये या राज्याने दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं बंधनकारक केलं, म्हणजे पोऱ्याला कायद्याने खुर्चीही आली. फिरतीवाल्याला मोटारसायकलची सीट आहेच की. हप्ते तोच फेडतो.

मुंबई राज्याच्या 1948 च्या कायद्यात फिरत्या विक्रेत्याचं काम मुळातच अधूनमधून चालणारं मानलेलं होतं. पंगतीला पहारेकरी होता. त्या काळी हे एकवेळ समजण्यासारखं होतं. एस.टी.ने गावोगाव गेलेला माणूस दुपारी चिंचेखाली आडवा झाला की दुकानं पालथी घालत होता, हे मालकाला कोण सांगणार? आज खिशातला फोन सांगतो. सकाळी पहिल्या दुकानासमोर सेल्फी, प्रत्येक ऑर्डरीला वेळेचा शिक्का, नकाशावर सरकणारा ठिपका. माणूस लघवीला किती मिनिटं थांबला हे ज्या साहेबाला वातानुकूलित खोलीत बसून ठाऊक असतं, तोच साहेब महिनाअखेरीला हात वर करतो, “तुमचं काम फिरतीचं, तास कोण मोजणार?” अहो, तुम्हीच मोजताय! मिनिटाला मोजताय, मोजून वर तक्ता रंगवून ग्रुपवर टाकताय, रविवारी सकाळीसुद्धा! मोजदाद आहे, फक्त पैसे देण्यापुरती ती आंधळी होते.

यावर ठरलेलं उत्तर कमिशनचं. जास्त विका, जास्त कमवा. ओव्हरटाइम हवाय कशाला? अमेरिकेच्या 1938 च्या कायद्यातही बाहेर फिरून विकणारा ओव्हरटाइममधून वगळलेलाच आहे. दुकानात बसून विकणाऱ्याला वगळायला मात्र तिथे अटी लागतात: निम्म्याहून जास्त कमाई कमिशनची हवी आणि तासाचा दर किमान वेतनाच्या दीडपटीहून अधिक. म्हणजे आधी हिशोब दाखवा, मग ओव्हरटाइम बुडवा. कलम 4 ला असल्या आकडेमोडीचा जाच नाही. किती कमावतो, किती राबतो, काही विचारत नाही. चाक फिरलं की पुरे.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आडुदुरईचं शेवटचं दुकान गाठेपर्यंत रात्रीचे सव्वानऊ होतात. शटर अर्ध्यावर आलेलं असतं. आतून दुकानदार “उद्या या” म्हणतो. बंद दुकानाच्या पायरीवर टेकून सेल्समन रोजचा रिपोर्ट भरायला घेतो. कायद्याच्या नजरेने तो आता कुठे कामाला लागलेला असतो. तेवढ्यात फोन थरथरतो: दहा मिनिटं लोकेशन हललेलं नाही, कारण कळवा.