बंडोपंतांचे अण्णा

पुण्यात मंडईच्या आसपासच्या गल्ल्यांत जे थोडे वाडे उरलेत, त्यांतल्या परसावर हमखास एखाद्या अण्णांचं राज्य असतं. उतारवयात या अण्णांना कुत्रा लाभतो आणि माणूस पार बदलतो. उभ्या वाड्याला अरे-तुरे करणारा हा गृहस्थ कुत्र्याला मात्र म्हणतो, “बसा, बंडोपंत!”

परसात कुणी पाऊल टाकू नये, यासाठी अण्णांची हयात खर्ची पडलेली. पोरांचा चेंडू आत पडला की जप्त. आता तिथंच बंडोपंतांची सरबराई. आडावर लोखंडी जाळी बसली. जाळी बोहरी आळीची, भाव अण्णांचा. फाटकाखालची फट बुजवायला बुरूड आळीतून बांबूचा तट्टा आला. घुशींचं औषध त्याच दिवशी हद्दपार झालं. मंडईच्या घुशींनी या निर्णयाचं स्वागतच केलं.

पूजेला वर्षानुवर्षं फुलं पुरवणारी कण्हेर मुळासकट उपटली, कारण ती पानाफुलांसकट विषारी.

“देवानं कधी तक्रार केली नाही,” काकू म्हणाल्या.

“देव पानं चघळत नाही.”

तुळस निर्दोष सुटली. पण बंडोपंतांचा पाय कुठवर उचलला जातो ते मोजून वृंदावनाखाली दोन चिरे वाढले.

एप्रिलात शहाबादी फरशीला अण्णा आधी उपडा हात लावून बघतात. हात टिकला तरच बंडोपंतांची स्वारी बाहेर. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना. बाकी उष्णता धापा टाकूनच घालवावी लागते, हे आल्यागेल्याला ऐकावंच लागतं. म्हणून वर हिरवी जाळी, सावलीत पाण्याचं घंगाळ आणि मनसोक्त उकरायला वाळूचा हौद.

१८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या दगडी मंडईतही आता बंडोपंतांच्या वतीनंच घासाघीस चालते. गाजर गोड हवं, काकडी कडू नको. भाजीवाल्या मावशींनी कांदे पुढे केले की अण्णा दचकतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे सगळं वर्ज्य!

“चातुर्मास पाळता व्हय?”

“आमचे बंडोपंत. बारमाही!”

इतकं करूनही बंडोपंत कोपऱ्यात उदास. त्यांना सुरक्षितता पुरली, सोबत कमी पडली. शेवटी अण्णांनी जप्त चेंडूंची ट्रंक उघडली, घशात अडकतील असे लहान चेंडू बाजूला काढले आणि गल्लीतल्या पोरांना स्वतः हाक मारली. पोरं आधी विश्वास ठेवीनात, मग त्यांनी परस डोक्यावर घेतलं.

काकूंनीही संधी साधून हिरव्या जाळीखाली आरामखुर्ची टाकली. कपडे वाळवायच्या जागी एवढीशी सावली मागता मागता त्यांचे केस पांढरे झाले होते.

“अगं, ती त्यांची जागा आहे,” अण्णा म्हणाले.

“बसू देत शेजारी,” काकूंनी पाय पसरले. “मी कधी कुणाला चावले नाही, तिथंच चुकलं माझं.”