बिबट्या फडात, गोष्ट ॲमेझॉनात

डिसेंबर 2021. बीडच्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव आठवडाभरात जगाला माहीत झालं. कुत्र्यांनी माकडाचं पिल्लू मारलं, म्हणून माकडं चवताळली आणि त्यांनी कुत्र्यांची अडीचशे पिल्लं उंचावर नेऊन खाली फेकली, अशी ती बातमी. परदेशी वर्तमानपत्रांनी ती छापली, लोकांनी तिच्यावर हजारो विनोद केले. वन विभागाच्या नागपूरच्या पथकानं दोन वानरं पकडून नेली आणि बातमी विझली.

बीड जिल्ह्याची जगात सर्वांत जास्त वाचली गेलेली साहसकथा बहुधा हीच. आणि ती वाईट साहसकथा आहे. पिल्लं मेली, ते खरं. पण अडीचशेचा आकडा पुढे टिकला नाही, आणि सूड तर माणसानं आपल्या पदरचा घातला. वानर कधीकधी कुत्र्याचं पिल्लू उचलतं, छातीशी धरून गच्चीवर नाहीतर झाडावर नेतं. कधी त्याच्या अंगावरच्या उवा-पिसवाही वेचतं. कंटाळलं की सोडून देतं. पिल्लाला तिथून उतरता येत नाही. वर ना आईचं दूध ना पाणी. ते उपाशी मरतं किंवा पडून मरतं. एवढीच गोष्ट आहे, आणि ती सुडापेक्षा जास्त अंगावर येते. पण ती सांगायला वानर ठाऊक असावं लागतं. सूड सांगायला सिनेमा पाहिलेला पुरतो.

मराठीला वानर ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ आहे. वानरांच्या टोळीतली सत्तेची लढाई त्यांनी लिहिली आणि 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या कादंबरीला मिळाला. म्हणजे लवूळच्या अडतीस वर्षं आधी आपल्या भाषेनं हा विषय पुरा करून ठेवला होता. आपण पुस्तकाला पुरस्कार दिला आणि वानराकडे पाहायचं विसरलो.

माझं भांडण त्या बातमीपाशी थांबत नाही. ते मराठी साहसकथेशी आहे. लहानपणी आम्ही भा. रा. भागवतांच्या हाताला धरून ज्यूल व्हर्नच्या सगळ्या मुलखांत हिंडलो. भागवतांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि त्यांनी निदान फास्टर फेणेला तरी फुरसुंगीचा केला. तीच फुरसुंगी आज पुण्याच्या कचरा डेपोसाठी ओळखली जाते. फास्टर फेणेच्या गावावर कचऱ्याचे डोंगर चढले, तरी भागवतांच्या मागून आलेल्या लेखकांनी त्यावर पोरांसाठी एक धाडसी कादंबरी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमची पुस्तकातली पोरं अजून ॲमेझॉनात हरवतात, आफ्रिकेत सिंहासमोर उभी राहतात. बंगालीत बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांनी आफ्रिका न पाहता ‘चांदेर पाहाड’ लिहिली, हे खरं. पण त्याच माणसानं 1939 साली ‘आरण्यक’ही दिली. जंगल तोडून जमीन कुळांना वाटायला नेमलेला माणूस त्या जंगलाच्याच प्रेमात पडतो, अशी ती कादंबरी. स्वप्न परक्या मुलखाचं आणि कळवळा आपल्या रानाचा, असं दोन्ही त्यांना जमलं. आपण पहिल्यावर थांबलो.

आता बीडकडे या. इथं जंगल कुठाय, असं विचारणाऱ्यानं जंगल म्हणजे हिरवंगार अशी खूणगाठ मनाशी बांधलेली असते. इथल्या बालाघाट डोंगराचं रान उन्हाळ्यात पिवळं, पावसाळ्यात हिरवं आणि बाकीच्या दिवसांत काट्याचं असतं. बोर, बाभूळ, हिवर, तरवड, पळस आणि डोंगरभर सीताफळं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. पाटोद्याजवळ नायगावला मोरांसाठी 1994 सालापासून अभयारण्य आहे, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. माळावर काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे. मांजरा नदी याच बालाघाटात उगम पावते आणि लातूरची तहान भागवायला निघते. 2016 साली ती भागवू शकली नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. सप्टेंबर 2025 मध्ये बीड जिल्ह्यात अतिवृष्टीनं नद्या गावात घुसल्या. एका दहा वर्षांच्या पोरानं आपल्या एवढ्याशा आयुष्यात टँकरची रांगही पाहिली आणि पुराचं पाणीही. हवामान बदल शिकवायला त्याला तक्ता लावायची गरज नाही.

आणि बिबट्या. नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं आठवड्याच्या आत तीन माणसं मारली. माणसं काठ्या-कंदील घेऊन शेतात जायला लागली, कापूस झाडावरच राहिला, संध्याकाळी गावं दारं लावून बसली. पुढे करमाळा तालुक्यात त्याला गोळी घातली. नरभक्षक संपला, लोक सुटले आणि मूळ प्रश्न तिथंच राहिला. बिबट्या आला कुठून? उसातून. पाणी आलं, ऊस आला, कित्येक महिने कुणी आत फारसं शिरत नाही असं उंच दाट रान माणसानंच उभं केलं. गावाभोवती कुत्री-डुकरं भरपूर. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा शेतीच्या मुलखात राहणाऱ्या त्या बिबट्यांचं मुख्य खाणं कुत्री निघालं. तो वाट चुकून आलेला पाहुणा नाही. त्याच्या कितीतरी पिढ्या उसातच जन्मल्या.

त्या उसात सगळ्यात आधी कोण शिरतं? बीडचा माणूस. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टायरगाड्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्या जोडीमागं पोरं. जुन्नर, आंबेगाव, निफाड या बाजूला फड तोडताना बिबट्याची पिल्लं सापडल्याची बातमी दर हंगामात येते. छायाचित्रात वनरक्षकाच्या हातात पिल्लू असतं. ज्यानं ते पहिल्यांदा पाहिलं, तो मजूर चौकटीच्या बाहेर असतो.

जवळून पाहा तो प्रसंग. पहाटेचा गारठा, पाचटावर दव. फड चहूकडून तुटत येतो आणि मधे उसाचा एक शेवटचा पट्टा उरतो. आतली सगळी जनावरं, ससा, कोल्हा, रानडुक्कर, त्या पट्ट्यात कोंडलेली. तोडणारे तिथं बोलायचं कमी करतात. वाढं बाजूला सारताना पोराला मांजरीच्या पिल्लाएवढी दोन पिल्लं दिसतात, डोळे नुकते उघडलेले. आता काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. तोड थांबली तर गाडी भरत नाही, गाडी भरली नाही तर उचल फिटत नाही. पिल्लं हलवली तर रात्री आई चवताळून शोधत फिरणार, आणि मजुरांच्या झोपड्या, कोप्या, तिथून हाकेच्या अंतरावर. शहाणपणाचा रस्ता एकच, आणि वन विभाग आता तोच धरतो. पशुवैद्य पिल्लं तपासतो, अंधार पडायच्या आत ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली जातात, बाजूला कॅमेरा लावतात आणि माणसं मागं सरतात. रात्री आई येते. वास घेते, क्रेट कलंडवते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. त्या रात्री कोपीत जागं असलेलं पोर डोळ्यासमोर आणा. तिकडे आई आपल्या पोरांना शोधत्येय आणि इकडे त्याची आई पहाटे तीनला उठून भाकरी थापणार आहे. जगात कुठल्या साहसकथेला याहून चांगली रात्र मिळाली आहे?

या रात्रीची कादंबरी मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. ऊसतोडीवर कथा-कविता आहेत, त्या दुःखाच्या आहेत आणि दुःख खरंच आहे. पण त्या पोराकडे नुसतं दुःख नाही, विद्याही आहे. त्याला ऊस हलला की वाऱ्यानं की जनावरानं हे कळतं. आम्ही त्याच्या शाळागळतीचे तक्ते काढले. त्याला काय येतं, हे विचारलं नाही.

दुसरी विद्या पारध्याची. तिच्याविषयी बोलताना मला राग आवरत नाही. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली कागदावर सुटका झाली, पण आजही कुठं चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात. याच माणसाला तितराचा आवाज असा काढता येतो की झुडपातलं तितर उत्तर देतं. मातीवरचा माग तो छापील ओळीसारखा वाचतो. लांडगा सरळ रेषेत जातो, मागचा पाय पुढच्या ठशावर पडतो. कुत्रं हुंगत, वळणं घेत जातं. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण शिकारीबरोबर ही सगळी विद्या गुन्ह्याच्या खात्यात टाकली, तो अन्याय झाला. विदर्भात वाशीम-अकोल्याकडे फासेपारधी संवेदना या संस्थेबरोबर तणमोर शोधतात, गवताळ माळ राखतात. जे फासे लावायचे तेच राखणदार झाले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, तरी नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांपुढे शिष्य होऊन बसले आणि रानविद्या शिकले. अधिकारी खाली बसला म्हणून मराठीला ती पुस्तकं मिळाली. बीडच्या पारध्यापुढे कोण बसलं?

मराठी बालकादंबरीत आदिवासी पोरगा आला तर वाट दाखवायला येतो. शहरातून आलेला नायक खजिना शोधतो, आणि वाटाड्या शेवटच्या पानावर हात हलवत मागं राहतो. ही मांडणी मोडा. माग काढणारा तोच नायक असू द्या.

आणि लिहिताना माळाला उजाड म्हणू नका. सरकारी नोंदीत गवताळ माळ पडीक म्हणून पडतो. मग तिथं चर खणून गिरिपुष्प लावतात आणि फोटो काढतात. लांडग्याचं घर मोडून हरितक्रांती होत नसते. बीडजवळ पालवनच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि गावकऱ्यांनी देवराई उभी केली, फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्षसंमेलन भरवून वडाला अध्यक्षपद दिलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. झाड कुठं लावायचं आणि गवत कुठं सोडायचं, यावरचं भांडण हेही कादंबरीचं कथानक आहे. त्यात पवनचक्कीचे रस्ते आहेत, चराई आहे, मेंढपाळ आहे, लांडगा आहे. खलनायक शोधायला लांब जावं लागणार नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली. तिथल्या कपाटांत ॲमेझॉनची पुस्तकं ठेवा, माझी हरकत नाही. त्यांच्या शेजारी लवूळचं वानर, आष्टीचा बिबट्या आणि पाटोद्याचा माळही ठेवा. प्रकाशकांनो, अशी पुस्तकं मागवा. लेखकांनो, जानेवारीत फडावर या आणि पहाटे तीनला उठा.

आणि बीडच्या गुरुजी-बाईंनो, तुम्हाला एक विनंती. हंगाम संपून पोरं परत आली की बुडालेल्या हजेरीचा हिशेब करण्याआधी त्यांना विचारा, फडात काय पाहिलंस. ती सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत, वहीत उतरवून घ्या.