रात्र कशी जागवावी? : परदेशी निघालेल्या खान्देशी नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही पुस्तिका कोणासाठी

धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर इथून जर्मनीत, त्यातही कोलोन आणि आसपासच्या गावांत शिकायला निघालेल्या मुलांसाठी. अभ्यास कसा करावा हे यात सापडणार नाही, ते सांगायला निघायच्या आदल्या दिवशी अख्खी गल्ली घरी येते. पण परक्या गावात रात्रीचं काय करायचं आणि सणाचं काय करायचं, हे दोन विषय कुणी काढत नाही. पहिल्या विषयावर वडील बोलत नाहीत. दुसऱ्यावर आई बोलत नाही, कारण पोराला एवढं येत असेलच असं तिला वाटतं. येत नसतं.

पात्रता

आग्रा रोडने मित्राच्या गाडीवर बसून ढाब्यावर शेवभाजी खायला गेला आहात, साडेअकराला परतलात आणि दार उघडताना वडिलांनी तुमच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, एवढा अनुभव पुरे. याला नाइटलाइफ म्हणतात हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, इतकंच.

लागणारं साहित्य

काळा मसाला, बिबडे, कळण्याचं पीठ, ठेच्याची बरणी (तीन पिशव्यांत, तरीही गळेल), एक काळं जाकीट, एक टाय (पाठ तिसरा बघावा), आणि फोनला चार्जर. पीठ कमी पडलं तर जाकीट काढावं. जाकीट तिकडे मिळतं.

पाठ पहिला : वेळ ओळखणे

तिथला क्लब रात्री अकराला उघडतो आणि एकच्या आत तिथे कुणी फिरकत नाही. प्रस्तुत लेखक पहिल्या वेळी साडेनऊला, जेवून, केस विंचरून पोचला होता. आत एक माणूस फरशी पुसत होता. त्याने लेखकाला नव्याने कामाला लागलेला मुलगा समजून बादली दाखवली.

दाराशी एक पहिलवान उभा असतो. चार-पाच पोरं घोळक्याने गेली की तो मान हलवून 'आज नाही' म्हणतो. इथे वाद घालू नये. आपल्याकडच्या लग्नात 'मुलीकडचे' म्हटलं की नवरदेवाकडचे गप्प बसतात आणि 'नवरदेवाकडचे' म्हटलं की मुलीकडचे. तो उपाय इथे लागू पडत नाही. दोघादोघांनी, अंतर ठेवून, एकमेकांना ओळखत नसल्यासारखं जावं.

पहाटे पाचला बाहेर पडाल तेव्हा हिवाळ्यात धुळ्याला साडेनऊ झालेले असतात. नेमका तेव्हाच आईचा फोन येतो. 'उठना का रे?' 'हा, कव्हयनाच!' हे उत्तर खोटं नाही. असंच बोलावं.

सूचना : सुट्टी म्हणजे मजा, हे गृहीत धरू नये. गुड फ्रायडेला तिथे कायद्याने नाचायला बंदी असते. कोलोन ज्या राज्यात आहे तिथे ही बंदी गुरुवारी संध्याकाळी ६ ला सुरू होते आणि शनिवारी सकाळी ६ पर्यंत चालते. लेखकाने आयुष्यातला पहिला डिस्को नेमका त्या शुक्रवारी ठरवला होता. बंद दारासमोरून घरी फोन केला तर आई म्हणाली, 'उपासना दिनले कोन नाचस रे?' जर्मन विधिमंडळ आणि आपली आई यांचं एखाद्या मुद्द्यावर एकमत असू शकतं, हे कळायला तेवढी पायपीट करावी लागली.

पाठ दुसरा : नको म्हणणे

कोलोनमध्ये क्योल्श नावाची बिअर पावशेराच्या आतल्या, उभट ग्लासात देतात. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो, आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो. थांबवायचा मार्ग एकच, तो पुठ्ठा ग्लासावर झाकण म्हणून ठेवायचा. तोंडाने कितीही नको म्हटलं तरी उपयोग नाही.

खान्देशी माणसाला हे शिकवावं लागत नाही. पंगतीत वरणबट्टीवर तूप घेऊन मामा आले की आपण ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, तोच हा प्रकार. फरक असा की मामा बोटांच्या फटीतूनही तूप सोडतात. कोलोनचा वाढपी पुठ्ठ्याचा मान राखतो.

न पिणाऱ्यांनी सफरचंदाचा रस आणि सोडा मागवावा. का पीत नाही, असं तिथे कुणी विचारत नाही. पिणाऱ्यांनी घरी काय सांगायचं ते आपलं आपण ठरवावं.

पाठ तिसरा : कार्निव्हल

कोलोनच्या कार्निव्हलचा मोसम ११ नोव्हेंबरला, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो. भटजीशिवाय एवढा अचूक मुहूर्त लेखकाने दुसरा पाहिलेला नाही. खरा धुमाकूळ मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, उपवासाचे दिवस लागण्याआधीच्या आठवड्यात. म्हणजे मूळचा हा देवाधर्माचाच सण. उपास येणार म्हणून आधी खाऊन-नाचून घ्यायचं, हे तत्त्व आषाढ सरताना आपल्याकडेही कुणाला समजवावं लागत नाही.

आठवड्याच्या गुरुवारी बायकांचं राज्य असतं. त्या कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. लेखकाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वर्गात सादरीकरण होतं, म्हणून वडिलांनी चुलतभावाच्या लग्नात घातलेला टाय बांधून तो ट्राममध्ये चढला. उतरला तेव्हा गळ्याखाली चार बोटं चिंधी उरली होती आणि गालावर लिपस्टिक होती. घरी फक्त टायचं सांगितलं. आईला नवल वाटलं नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासू-नणंदेचा उद्धार करतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी अडवत नाही. वर्षातला एक दिवस तरी असा लागतोच, असं तिचं मत पडलं.

सोमवारी मोठी मिरवणूक. रथांवरून लोक गोळ्या-चॉकलेटं उधळतात आणि खालून सगळं गाव 'कामेले!' ओरडतं. छत्री उलटी धरावी, यात्रेत वाढलेल्या माणसाला यापलीकडे शिकवायचं काही नाही. मंगळवारी मध्यरात्री पेंढ्याचा एक बाहुला जाळतात. आठवडाभरात ज्याने जे केलं, उडवलेल्या पैशांसकट, त्या सगळ्याचा दोष त्या बाहुल्यावर. त्याच सुमारास आपली होळी येते. आपण होळीपुढे बोंब मारतो, ते दोषारोप करतात. दोन्हींनी मन हलकं होतं, खातं मात्र रिकामंच राहतं.

धोका : कोलोनमध्ये 'आलाफ' ओरडायचं आणि शेजारच्या ड्युसलडॉर्फमध्ये 'हेलाउ'. उलट केलंत तर माफी नाही. दोन गावांत अंतर ४० किलोमीटर, भाषा तीच, नदीही तीच, आणि बिअर कुणाची चांगली यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर. जळगाव आणि धुळ्याच्या दोन पोरांना एका खोलीत ठेवून शेवभाजीचा विषय काढला की हे वैर नीट कळतं. लेखकाचा खोलीमित्र जळगावचा आहे. त्या विषयावर आम्ही आता बोलत नाही.

आता या पाठातला अवघड भाग. कार्निव्हलची गाणी जर्मन भाषेत नसतात. ती क्योल्शमध्ये असतात. बिअरचं नाव तेच आणि गावच्या बोलीचंही तेच. बी-वन परीक्षा पास झालेला लेखक तासभर तोंड हलवत उभा होता. शेजारी बँकेत काम करणारी वाटावी अशी बाई, पोलीस, आजोबा, शाळेतली पोरं, सगळे डोळे मिटून, गळ्यात गळे घालून, आजीच्या भाषेत गात होते. कुणाला लाज नव्हती. पुण्यात शिकताना लेखकाने वसतिगृहात चार वर्षं फोनवर आईशी अहिराणी बोलायला जिन्याखाली जागा शोधली होती. ती जागा त्याला त्या गर्दीत आठवली.

पाठ चौथा : सण शनिवारी आणणे

परदेशात तिथी शनिवारी येते. गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, सगळं जवळच्या शनिवारी, सभागृह मिळेल त्या वेळी. विसर्जन बादलीत. यावर पंचांग काढून भांडणारा एक जण प्रत्येक गावात असतो. त्याला मोदक वळायला बसवावं.

रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ. आरती साडेनऊला आटोपावी. टाळ्या चालतात, टाळ नाही.

चंपाषष्ठीला भरीत करायचं असल्यास पुढील कृती करू नये : तुर्की दुकानातून जांभळी वांगी आणावी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गॅस नाही हे लक्षात येऊन ती थेट विजेच्या तापल्या शेगडीवर ठेवावी, आणि मिरच्या तेलात सोडाव्या. छतावरच्या धूर-अलार्मला खान्देशी खाणं कळत नाही. लेखकाच्या वेळी चार मजले पोरं-पोरी ब्लँकेट गुंडाळून, डिसेंबरच्या थंडीत, रात्री साडेदहाला अंगणात उभी राहिली. मग अग्निशमन दल आलं. दलातल्या एकाने काय शिजतंय ते विचारलं, चाखलं आणि पाणी मागितलं. गावाकडे कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांच्या भरीत पार्टीला शेतात इतकीच माणसं जमतात आणि इतकीच कुडकुडतात. चारही मजल्यांवर ओळख झाली ती त्या रात्री. क्लबात वर्षभर जाऊन झाली नव्हती. तरीही कृती करू नये. वांगं ओव्हनमध्ये भाजावं आणि दुःख गिळावं.

पाठ पाचवा : रथ शोधणे

कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. खोलीमित्राचा जीव त्या दिवशी कासावीस होतो. दोर ओढणारे पुष्कळ असतात, पण अवाढव्य रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून त्याला वळवणारे आणि थांबवणारे मोजके. त्याच्या मते जगात अभियांत्रिकी म्हणतात ती एवढीच, बाकी सगळा अभ्यासक्रम.

यावर उपाय आहे. हाम नावाच्या गावाबाहेर, कारखान्यांच्या वस्तीत, श्रीलंकेच्या तमिळ लोकांनी कामाक्षी देवीचं मंदिर बांधलं आहे. २००२ साली त्याची प्रतिष्ठापना झाली, गोपूर १७ मीटर उंच आहे. तिथे दर उन्हाळ्यात देवीचा रथ निघतो आणि हजारो माणसं जमतात. जवळच्या कालव्यात देवीला स्नानही घालतात. कोलोनहून आरई १ गाडी थेट हामला जाते. गाडी उशिरा येईल. सुरत-भुसावळ पॅसेंजरवर वाढलेल्यांनी याबद्दल जर्मन लोकांइतकं चिडू नये.

तिथे भाषा तमिळ, देवी दक्षिणेची, बाजूला जर्मन पोलीस. मित्राने चप्पल काढली, दोराला हात घातला आणि एकदम गप्प झाला. नंतर एवढंच म्हणाला, 'वळणावर मोगरी पाहिजे होती.'

पाठ सहावा : कानबाई

हा पाठ शेवटी ठेवला आहे, कारण इथे पुस्तिकेचा फार उपयोग होत नाही.

कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. शनिवार-रविवारची सोय बघणारी ही आपली एकमेव देवता. रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी विसर्जन. सोमवारची रजा मागताना कारण 'कौटुंबिक' लिहावं.

नैवेद्याला लागणारं गंगाफळ तिथे मिळत नाही. होक्काइडो नावाचा नारिंगी भोपळा मिळतो, तो चालवून घ्यावा. बाकीचं चालवून घेता येत नाही. कानबाईचं नारळ घराण्याचं असतं, पिढ्यांमागून आलेलं, ते गावीच राहतं. रोट आणावे म्हटलं तर तेही नाही, ते भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्यामुळे तुमच्या वाट्याला व्हिडिओ कॉल येतो.

उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचं अंतर. गावी रात्रीचे बारा, जागरण रंगात आलेलं, आणि कोलोनला साडेआठ, खिडकीत अजून उजेड. आईने फोन चौरंगाजवळ टेकवून ठेवला होता. काकू, आत्या, शेजारच्या बाया गात होत्या, फुगड्या चालल्या होत्या. कुणीतरी ओरडलं, 'तू बी म्हन ना रे!' लेखकाला कार्निव्हलची तीन गाणी पाठ होती, क्योल्शमध्ये, ठेक्यासकट. कानबाईचं एकही येत नव्हतं. गावी असताना जागरणाच्या रात्री तो वरच्या खोलीत कानांत इअरफोन घालून नाइटलाइफचे व्हिडिओ बघत असे.

फोन ठेवताना आई म्हणाली, 'तुन्हा नावनी बी मूठ टाकेल शे.' रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ धान्य घेतात. माणूस कोलोनला असला म्हणून मोजणीतून सुटत नाही. त्या मुठीचा रोट होतो आणि तो पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो. तुमचा रोट कोण खातं, असं विचारलं तर आई म्हणते, 'तुन्हा बाप. दूधमा मोडीसन.'

स्वाध्याय

१. ग्लास कधी झाकावा? ताटावर हात धरून उत्तर सांगा.

२. आपल्या गावाची कोणती गोष्ट शेजारच्या गावापेक्षा चांगली आहे, ते खोलीमित्र झोपल्यावर लिहा.

३. कानबाईचं एक गाणं पूर्ण लिहून काढा. अडेल तिथे आईला फोन करावा. तिकडे किती वाजले असतील ते आधी बघत बसू नये. ती जागीच असते.