बिनधडाचा तर्क

नानांच्या तोंडून आधी निकाल बाहेर पडतो. खटला नंतर चालतो, तोही कोणी फारच हट्ट धरला तर.

"गळती ३०२ चीच!" सोसायटीच्या सभेत चहा यायच्या आत नाना मोकळे झाले. ३०२ मधल्या वहिनींनी नुसता पदर खोचला.

आपल्या न्यायशास्त्राने अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. पहिलं आणि पाचवं वाक्य जवळपास एकच, पण पाचव्याला मधल्या तिघांनी कमावलेलं असतं. नानांच्या तर्काला डोकं आहे, पाय आहेत. धड तेवढं नाही. पहिल्यावरून ते थेट पाचव्यावर उतरतात, आणि मधल्या तिघांची भरपाई आवाजाने करतात.

अगदीच अडवलं तर हेतू मिळतो. "२०२ च्या भिंतीला ओल आलीय ना? मग!" आता वरच्या बाथरूममधून ओल उतरते हे खरंच. पण ऐन जुलैत पश्चिमेचा पाऊस झोडपतो तेव्हा आमच्या जिन्यालाही ओल येते, आणि जिन्यावर कोणाचं बाथरूम नाही. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नसेल तिथेही जो हेतू हजर असतो, तो 'सव्यभिचार'. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतू, मोजताना पहिला मान त्यालाच दिलाय. (हा शब्द सभेत उच्चारू नये. कुटुंबवत्सल मंडळी बसलेली असतात.)

उदाहरण म्हणाल, तर साडू. "आमच्या साडूंच्या बिल्डिंगमध्ये अगदी हेच झालं होतं." स्वयंपाकघराचं उदाहरण टिकतं, कारण त्याच्यामागे व्याप्ती उभी असते: धूर आहे आणि आग नाही, असं कधी होत नाही. नानांच्या साडूंमागे फक्त नानांची मेहुणी उभी असते. आणि जिन्याच्या ओलीचं काय? "तो अपवाद."

माणूस लबाड नाही हो. रात्री टाकी भरून वाहायला लागली की बनियनवर धावत जाऊन पंप बंद करणारे तेच. तेव्हा मात्र पाण्याच्या आवाजावरून टाकी भरल्याचं त्यांचं अनुमान कधी चुकत नाही.

शेवटी प्लंबर आला. त्याने ३०२ च्या बाथरूमच्या जाळीला बोळा कोंबला, लाल रंगाचं पाणी साठवलं आणि म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी २०२ च्या भिंतीपुढे जमली. ओल होती तशीच, लालीचा मागमूस नाही. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंतीवरून बोट फिरवलं, त्या बोटाचा वास घेतला.

"रंग भेसळीचा आहे," ते प्लंबरला म्हणाले. "आमच्या साडूंनी ओरिजिनल आणला होता."