जुन्या खोक्याची परीक्षा

बेस गिटारसाठी जुने आणि स्वस्त स्पीकर-कॅबिनेट, म्हणजे एक किंवा अनेक स्पीकर बसवलेले लाकडी खोके, पाहायला गेलेला ग्राहक बहुधा प्रथम त्याच्या पाठीमागे जाऊन वाकतो आणि तेथील पट्टीवरचा वॅटचा आकडा वाचतो. परीक्षेतील पहिली चूक याच वाकण्यात होते. हा आकडा खोके किती मोठ्याने वाजेल हे सांगत नाही; ॲम्प्लिफायरने किती वीज लोटली तरी आतील कॉइल, म्हणजे चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलणारे तारेचे वेटोळे, जळणार नाही एवढीच त्यात ग्वाही असते, आणि तीही निर्मात्याने आपल्याच मालाबद्दल दिलेली असते. भारतीय ग्राहकाला या बाबतीत अधिक सावध असण्याचे कारण आहे, कारण १९९०च्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटरच्या तळहाताएवढ्या स्पीकरांवर ‘पीएमपीओ’ या चार अक्षरांच्या आधाराने शेकडो वॅट छापले जात आणि ते सगळे वॅट काही मोजक्या वॅटच्या अडॅप्टरमधून निघत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम इतक्या सहजपणे मोडणारा दुसरा उद्योग त्या काळात क्वचितच असेल.

मोठ्याने वाजण्याचा संबंध वॅटपेक्षा संवेदनक्षमतेशी अधिक असतो. एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर जितके डेसिबल ऐकू येतात, तितकी त्या खोक्याची संवेदनक्षमता मानली जाते. वीज दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणून १०० डेसिबलचे खोके १०० वॅटवर जे करते तेच करून दाखवायला ९४ डेसिबलच्या खोक्याला ४०० वॅट लागतात. असे असूनही विक्रेत्याला वॅट विचारणारे शंभर भेटतात, डेसिबल विचारणारा एखादाच भेटतो, आणि विक्रेता त्याच्याकडे पोलिसात असल्यासारखा पाहतो.

स्वस्त मालाच्या बाजूने एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातील ‘एच’ असलेले जोसेफ अँटन हॉफमन, विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव, यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: खोके लहान असणे, त्यातून खोल खर्ज निघणे आणि थोड्या विजेत भरपूर आवाज मिळणे, या तीन इच्छांपैकी कोणत्याही दोन पूर्ण होतात, तिसरी सोडावी लागते. महाग आणि आधुनिक खोक्यांनी यातील पहिली इच्छा पकडून ठेवली, कारण हलके नियोडिमियम चुंबक आणि पाठदुखीने त्रस्त वादक हे दोन्ही एकाच सुमारास उपलब्ध झाले. जुन्या स्वस्त खोक्यांनी लहान होण्याची महत्त्वाकांक्षाच कधी धरली नाही. हार्टली पीव्ही यांनी १९६५ मध्ये मिसिसिपी राज्यातील मेरिडियन या गावी कंपनी काढली आणि कामकरी वादकाला परवडेल असा माल पुढे अमाप बनवला. त्यांची १५ इंची एक स्पीकर किंवा १० इंची चार स्पीकर असलेली काळी, गालिचासारख्या कापडाने मढवलेली खोकी अमेरिकेतल्या चर्चच्या तळघरांत आणि शाळांच्या सभागृहांत अजूनही वाजतात, आणि ती चोरीला जात नाहीत यामागे नैतिकतेपेक्षा वजनाचा वाटा मोठा असावा. त्यांच्या ‘ब्लॅक विडो’ या स्पीकरची एक सोय विशेष उल्लेखनीय आहे: कॉइल जळली तर मागचे जड चुंबक तसेच ठेवून पुढचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा कागदी शंकू, त्याच्या ॲल्युमिनियमच्या टोपलीसह काही बोल्ट सोडून बदलता येतो. आपल्या वस्तूचा ग्राहक तिचा छळ करणार आहे हे निर्मात्याने इतक्या शांतपणे गृहीत धरलेले फार थोड्या ठिकाणी आढळते.

खर्जाबद्दलही बराच गैरसमज आहे. चार तारांच्या बेसवरील सर्वात खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, पाच तारांच्या बेसवरील सुमारे ३१; यावरून जे खोके ४१ कंपने पूर्ण जोराने वाजवत नाही ते निकामी, असा निष्कर्ष काढणारे ग्राहक आढळतात. प्रत्यक्षात अँपेग कंपनीच्या १९६९ सालच्या एसव्हीटी ॲम्प्लिफायरसोबतचे आठ स्पीकरांचे बंद खोके, ज्याला वादक आकारामुळे फ्रिज म्हणतात आणि रॉक संगीतात ज्याची जवळजवळ पूजा होते, त्याचाही आवाज साधारण साठ कंपनांच्या खाली उतरू लागतो. श्रोत्याला तरीही खर्ज ऐकू येतो, कारण ८२ आणि १२३ कंपनांचे वरचे स्वरांश कानावर पडले की मेंदू तळाचा स्वर स्वतःच्या पदरचा घालून हिशेब पुरा करतो. ज्या खोक्याला खोल खर्ज नाही म्हणून नापास केले जाते, त्याचे अर्धे काम श्रोता फुकट करत असतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. नाक सर्वप्रथम वापरावे, कारण जळलेल्या कॉइलचा वास कित्येक वर्षे टिकतो आणि विक्रेत्याच्या शब्दाला तो बधत नाही. नंतर दोन्ही हातांची बोटे कोनाच्या मध्याभोवती समान ठेवून तो हळूच आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल वाकडी झालेली असते. कोनाची कड फोमची असेल तर वयोमानाने तिचा चुरा झालेला सापडतो, मात्र बेससाठीच्या स्पीकरांना बहुतेक वेळा कापडाची घडीदार कड असल्याने तीस वर्षांचा स्पीकरही ताठ राहतो. खरा क्षय लाकडाला होतो. स्वस्त खोकी पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुगा आणि गोंद दाबून केलेल्या फळ्यांची असतात. कोकणात किंवा गोव्यात त्यांनी काही पावसाळे जमिनीवर काढले असतील तर खालचे कोपरे फुगून स्क्रू मोकळे होतात, आणि मग वादकाने कोणताही स्वर वाजवला तरी खोके त्यात आपला एक कायमचा स्वर मिसळते.

मीटरची पाळी यानंतर येते, आणि शास्त्राचा अपमान सर्वाधिक येथेच होतो. पट्टीवर ८ ओहम लिहिलेले असते, मीटर ६ च्या आसपास दाखवतो, आणि उरलेले दोन ओहम विक्रेत्याने हडप केले अशा सुरात भांडण सुरू होते. पट्टीवरचा आकडा गाण्याच्या बदलत्या विजेला होणारा एकूण अडथळा सांगतो, मीटर फक्त सरळ विजेपुरता तारेचा रोध मोजतो, आणि तो कमीच भरतो. त्यामुळे ६ हा आकडा आनंदाने स्वीकारावा. मात्र चार स्पीकरांच्या ८ ओहमच्या खोक्यात मीटर १२ च्या जवळ गेला तर शोकाचे कारण आहे: तेथे स्पीकर सहसा दोन-दोनच्या जोड्यांनी ओवलेले असतात, आणि जोडीतला एक गेला की शेजारचाही निमूटपणे सुतक पाळतो. उरलेले दोन जोमाने वाजत असल्याने ही दुर्घटना मालकाच्या लक्षातही आलेली नसते, आणि तो पूर्ण प्रामाणिकपणे ‘एकदम चालू’ असे सांगतो.

मेलेला स्पीकर महाराष्ट्रात दुरुस्त करणे अवघड नाही. गणेशोत्सव आणि लग्नांच्या डीजेंनी कॉइल गुंडाळणाऱ्या कारागिरांना बारमाही काम लावून ठेवले आहे. अडचण दुसरीच असते. नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनानंतर स्पीकर आणि खोके यांचा मेळ गणिताने घालता येऊ लागला, आणि डीजेच्या कामाचा दणकट कोन बेसच्या खोक्यात बसवला की ते गणित मोडते. पोर्ट, म्हणजे हवेला वाट देणारे भोक, असलेल्या खोक्यात त्याच्या ठरलेल्या कंपनसंख्येखाली हवेचा आधार सुटतो, कोन फडफडतो, आणि पट्टीवर ३०० वॅट लिहिलेले खोके त्याच्या बऱ्याच अलीकडे हात टेकते.

शेवटची, आणि बहुतेकांची एकमेव, चाचणी म्हणजे वाजवून पाहणे. ग्राहक बंद खोलीत एकटा बसून खालची तार मोठ्याने छेडतो, भिंती थरथरतात, आणि सौदा होतो. ड्रम, दोन गिटार आणि कीबोर्ड यांच्यामध्ये हेच खोके ठेवले की तो गडगडाट बेस ड्रमच्या खाली नाहीसा होतो आणि बोटांचा एकही आघात ऐकू जात नाही. उलट ज्या खोक्याचा आवाज खोलीत कोरडा आणि नाकातला वाटला होता, ते त्याच गर्दीत प्रत्येक स्वर स्पष्ट पोहोचवते, कारण बेसची ओळख पटवणारा भाग काही शे कंपनांच्या पट्ट्यात असतो आणि तेथे स्वस्त खोकी बहुधा उदार असतात. म्हणून जाणता ग्राहक ड्रमवाल्याला सोबत घेऊन जातो. तो ड्रम वाजवतो, आणि जवळपास चाळीस किलोंचे खोके जिन्यावरून उतरवताना त्याचे दोन हातही उपलब्ध असतात, ज्यांचे आश्वासन कोणत्याही विक्रेत्याच्या पट्टीवर छापलेले नसते.