प्रतिसादक क्रमांक १७

‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द एका दमात म्हणता आला की हवामान अनुकूलनाचं निम्मं पदव्युत्तर शिक्षण झालंच म्हणायचं. परवा लातुरात आमच्या गल्लीत असे चौघे आले: जलविज्ञान, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि एक नुसताच ड्रोनवाला. प्रश्नावल्याही चार. शेजारच्या आजींना चौघांनीही विचारलं, ‘पाणी कुठून आणता?’ चौथ्याला त्या म्हणाल्या, ‘लेकरा, त्या तिघांला इचार की!’ (शाखांमधल्या संवादाची ही बहुधा पहिलीच सूचना.)

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हा एका घागरीत अंघोळ, धुणं आणि तुळस आजींनी भागवली होती, तीही एका क्रेडिटविना. प्रबंधात त्या ‘प्रतिसादक क्रमांक १७, निरक्षर’ आहेत.